एडिसनची गोष्ट लहान मुलांना सांगताना: एका लोकप्रिय चरित्रकथेची चिकित्सा

प्रस्तावना

थॉमस अल्वा एडिसन (१८४७–१९३१) या नावाशी आपली पहिली ओळख बहुधा विज्ञानाच्या तासाला होत नाही. ती परिपाठाच्या वेळी, बोधकथांच्या पुस्तकात, शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारात किंवा अलीकडे पालकांच्या मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात होते. तो शास्त्रज्ञ म्हणून भेटण्याआधी एका गोष्टीचा नायक म्हणून भेटतो. पुढे आपण विजेचे प्रकरण शिकतो, पण मनात राहते ती गोष्टच.

या टिपणात आपण त्या गोष्टीची चिकित्सा करणार आहोत. साहित्यकृती वाचताना आपण कथानक कसे रचले आहे, काय ठेवले आणि काय गाळले आहे, ऐकणाऱ्याच्या मनात कोणते मूल्य रुजते हे पाहतो. तेच प्रश्न इथे विचारायचे आहेत. बालसाहित्य, शिक्षणशास्त्र किंवा विज्ञानप्रसार शिकणाऱ्यांना उद्या हीच गोष्ट सहा-सात वर्षांच्या मुलांपुढे सांगावी लागेल. एडिसनला मोठे किंवा लहान ठरवणे हा आपला हेतू नाही. ही गोष्ट मुलांना नेमके काय शिकवते आणि त्याहून चांगली कशी सांगता येईल, एवढेच पाहायचे आहे.

१. रूढ कथेचा सांगाडा

भाषा कोणतीही असो, या गोष्टीचे टप्पे जवळजवळ ठरलेले आहेत. एक चौकस मुलगा. तो पिल्ले निघावीत म्हणून अंड्यांवर बसतो. शाळा त्याला मंद ठरवते, आई मात्र विश्वास ठेवते. मुलगा रेल्वेत वर्तमानपत्रे विकतो, प्रयोग करतो, हजारो वेळा अपयशी ठरतो आणि शेवटी दिवा पेटतो. मग तात्पर्य येते: प्रयत्न सोडू नका.

यातले सगळे खोटे नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास एडिसन पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या रेल्वेमार्गावर वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. १८६२ मध्ये त्याने गाडीतच छापलेले स्वतःचे छोटे साप्ताहिक काढले. त्याच वर्षी एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने रुळांवरून ओढून वाचवले, आणि त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारयंत्र शिकवले. बालकथेला लागणारा मालमसाला त्याच्या आयुष्यात भरपूर आहे. म्हणूनच त्यात खोटे मिसळले तरी ते पटकन ओळखू येत नाही.

उदाहरणार्थ, लहानग्या टॉमने आरसे लावून दिव्यांचा उजेड वाढवला आणि त्या उजेडात डॉक्टरांनी त्याच्या आईच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली, ही गोष्ट घ्या. ती लोकप्रिय झाली १९४० च्या एका अमेरिकी चित्रपटामुळे. प्रत्यक्षात एडिसन सात वर्षांचा होता तेव्हा, म्हणजे १८५४ मध्ये, अशी शस्त्रक्रिया रूढ व्हायला सुमारे तीस वर्षे बाकी होती. पण प्रसंग इतका नेटका आहे की काळाचा हिशेब करावा असे कोणाला सुचत नाही.

२. चिठ्ठीची कथा: प्रेमळ वाटणारी, पण घातक

आपल्या देशात सध्या सर्वांत जास्त सांगितली जाणारी कथा चिठ्ठीची आहे. शिक्षक छोट्या एडिसनकडे आईसाठी चिठ्ठी देतात. आई डोळ्यांत पाणी आणून मोठ्याने वाचते, "तुमचा मुलगा फार हुशार आहे, त्याला शिकवण्याइतके चांगले शिक्षक आमच्याकडे नाहीत, त्याला घरीच शिकवा." आई गेल्यावर अनेक वर्षांनी एडिसनला ती चिठ्ठी सापडते. तिच्यात लिहिलेले असते की मुलगा मतिमंद आहे, त्याला शाळेत ठेवता येणार नाही.

या चिठ्ठीला कोणताही पुरावा नाही. उलट एडिसनने स्वतः नंतरच्या काळात सांगितलेली आठवण वेगळी आहे. आपल्या डोक्यात गोंधळ आहे असे शिक्षक दुसऱ्या कोणाला सांगत असताना त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले, घरी येऊन आईला सांगितले, आणि आई रागाने शाळेत जाऊन शिक्षकांना चार शब्द सुनावून त्याला घरी घेऊन आली. आई नॅन्सी पूर्वी शिक्षिका होती आणि तिने त्याला घरी शिकवले. १८७१ मध्ये ती वारली तेव्हा एडिसन २४ वर्षांचा होता. त्याला जगभर नाव मिळवून देणारा फोनोग्राफ आणखी सहा वर्षांनी आला.

दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहा. एडिसनच्या आठवणीत मुलाला अपमान कळतो, तो बोलतो आणि आई त्याच्या बाजूने उभी राहते. चिठ्ठीच्या कथेत मुलाला काहीच कळत नाही आणि आई सत्य लपवते. पहिली कथा मुलाला सांगते की कोणी वाईट बोलले तर घरी येऊन सांग. दुसरी सांगते की तुझ्याविषयी असे काही सत्य असू शकते जे लपवणेच बरे.

खरा घाव 'मतिमंद' या शब्दावर आहे. कथेच्या तर्कात तो शब्द म्हणजे एक कलंक, आणि तो पुसला जातो मुलगा महान शोधक झाल्यामुळे. ही कथा ऐकणाऱ्या वर्गात एखादे मूल खरोखरच बौद्धिक अक्षमता असलेले असेल तर? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अशा मुलांच्या समावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली आहे, त्यामुळे ही कल्पना दूरची नाही. ते मूल मोठेपणी शोधक होणार नाही. मग कथेच्या हिशेबात त्याचे मोल काय? ज्याला वर्गात सगळे 'ढ' म्हणतात त्या मुलालाही कथा असेच बजावते की तू ढ नाहीस हे सिद्ध करायचे असेल तर जगाला चकित कर. त्याच्या बाजूने बोलण्याचा आव आणून ही कथा त्याच्यावरच ओझे टाकते. तिचा ऐतिहासिक खोटेपणा हा दुय्यम दोष आहे. मुख्य दोष हा आहे.

३. 'दहा हजार अपयशे': कोणाची आणि कशाची?

दुसरा प्रसिद्ध प्रसंग अपयशाचा. दिवा तयार करताना एडिसन हजारो वेळा चुकला आणि "मी हरलो नाही, चालत नाहीत असे हजारो मार्ग मला सापडले" असे म्हणाला, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. आकडा कधी एक हजार असतो, कधी दहा हजार.

या वाक्याचे मूळ त्याच्या हयातीत, १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायर आणि मार्टिन यांच्या चरित्रात सापडते. तिथे ते एका सहकाऱ्याच्या आठवणीत येते, आणि ती आठवण दिव्याची नसून विद्युतघटाची, म्हणजे बॅटरीची आहे. निकेल-लोहाच्या बॅटरीवर वर्षानुवर्षे काम चालले होते. बॅटरीची गोष्ट मुलांना फारशी दिसत नाही, दिवा दिसतो. म्हणून वाक्य बॅटरीवरून दिव्यावर सरकले असावे.

एवढ्याने फारसे बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. पण यात एक वैज्ञानिक गोष्ट हरवते. रूढ कथेतला एडिसन हाती लागेल ते जाळून पाहतो आणि चिकाटीच्या जोरावर केव्हातरी जिंकतो. वास्तवात दिव्याच्या कामाला एक स्पष्ट विचार दिशा देत होता. त्याला एकटा दिवा पेटवायचा नव्हता, संपूर्ण वस्तीला पुरेल अशी वीजव्यवस्था परवडणाऱ्या खर्चात उभारायची होती. त्यात सर्वांत महाग भाग तांब्याच्या तारांचा होता.

साधे गणित करू. १०० वॅट शक्ती १० व्होल्टने पोचवायची तर १० अँपिअर धारा लागते. तीच १०० व्होल्टने पोचवली तर १ अँपिअर पुरते. तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे तार तीच असेल तर नुकसान शंभरावा भाग होते, किंवा तार कितीतरी बारीक वापरता येते. पण कमी धारेवर चालायचे तर दिव्याच्या तंतूचा, शालेय पुस्तकांतल्या 'कुंतला'चा, विद्युत रोध जास्त हवा, म्हणजे तो बारीक आणि लांब हवा. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान यांनी १८७९ च्या सुरुवातीलाच कार्बनचा दिवा दाखवला होता, पण त्यांची कार्बनची कांडी जाड आणि कमी रोधाची होती. एडिसनच्या गटाचे वेगळेपण इथे आहे. कोणता पदार्थ शोधायचा हे आधी गणिताने ठरले, मग पदार्थ शोधले गेले.

ऑक्टोबर १८७९ मध्ये कार्बन केलेला सुती दोरा सुमारे साडेतेरा तास जळला. पुढे बांबूच्या तंतूने बाराशे तासांच्या वर मजल मारली आणि त्यासाठी माणसे जपानपर्यंत गेली. चिकाटी होतीच. पण चिकाटीला दिशा होती. 'प्रयत्न करत राहा' एवढेच शिकलेले मूल तीच चूक दहा वेळा करील. 'चूक झाली, त्यातून काय कळले?' हे शिकलेले मूल अकराव्या वेळी काहीतरी बदलून पाहील. गोष्ट सांगणाऱ्याने कोणते मूल घडवायचे, हा खरा प्रश्न आहे.

४. एकटा शोधक आणि खोलीतली बाकीची माणसे

बालपुस्तकातल्या चित्रात एडिसन बहुधा एकटा असतो. टेबल, दिवा आणि विचारात गढलेला चेहरा. पण १८७६ मध्ये न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्क येथे त्याने जे उभारले ती एकट्याची खोली नव्हतीच. चार्ल्स बॅचलर प्रयोगांत त्याचा उजवा हात होता. फ्रान्सिस अप्टन गणित करत असे. लुडविग बोम काचेचे फुगे फुंकत असे. १८७७ मध्ये एडिसनच्या रेखाटनावरून पहिला फोनोग्राफ प्रत्यक्ष घडवला तो जॉन क्रुसी या कारागिराने. त्यावर एडिसनने पहिल्यांदा म्हटले ते एक बालगीत होते. लहान मुलांना सांगण्यासारखा याहून गोड तपशील नाही, आणि तो खराही आहे.

एडिसनच्या नावावर अमेरिकेत १०९३ पेटंटे आहेत. हा आकडा एका डोक्याची कमाल म्हणून सांगितला जातो. तो एका पद्धतीची कमाल म्हणून वाचला पाहिजे. वेगवेगळ्या कौशल्याची माणसे एका छताखाली आणून शोध लावणे हाच रोजचा व्यवसाय करायचा, ही कल्पना कदाचित त्याच्या सर्व यंत्रांहून जास्त टिकली. आजच्या औद्योगिक संशोधन संस्था त्याच वाटेने चालतात. मुलांपासून ही माणसे लपवली की एडिसनचे सर्वांत मोठे कामच लपते.

अर्थात, लपलेली नावे बाहेर काढतानाही सावध राहावे लागते. गुलामीतून पळून आलेल्या आईवडिलांचा मुलगा लुईस लॅटिमर याने कार्बनचे तंतू बनवण्याच्या पद्धतीत सुधारणा करून १८८२ मध्ये पेटंट मिळवले. काही नव्या पुस्तकांत तो मेन्लो पार्कमध्ये एडिसनच्या शेजारी उभा दाखवतात. तेव्हा तो एका प्रतिस्पर्धी कंपनीशी जोडलेला होता आणि एडिसनच्या कंपनीत १८८४ मध्ये आला. चांगल्या हेतूने केलेली चूकही चूकच असते. लॅटिमरला मोठे करायला एडिसनची खोली लागत नाही, त्याचे स्वतःचे काम पुरेसे आहे.

५. उलटी गोष्टही तितकीच सोपी

महाविद्यालयात आल्यावर आपल्याला बहुधा दुसरी कथा भेटते: एडिसन लबाड, निकोला टेस्ला खरा प्रतिभावान. या कथेलाही आधार आहे. एडिसन दिष्ट धारेला चिकटून राहिला. वेस्टिंगहाउसची प्रत्यावर्ती धारा धोकादायक आहे हे ठसवण्यासाठी १८८८ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत प्राण्यांवर विजेचे प्रयोग झाले. विजेच्या खुर्चीसाठी प्रत्यावर्ती धाराच वापरावी असे त्याने सुचवले. हे प्रसंग झाकण्याचे कारण नाही.

पण १९०३ मध्ये कोनी आयलंड येथे टॉप्सी नावाच्या हत्तिणीला विजेने मारले गेले त्याचा ठपकाही त्याच्यावर ठेवतात. त्याच्या नावाच्या चित्रपट कंपनीने ती घटना चित्रित केली हे खरे, पण तोवर धारांचा झगडा संपून दहा वर्षे झाली होती आणि एडिसन वीजपुरवठ्याच्या धंद्यातून बाहेर पडला होता. देव पाडून त्याच जागी राक्षस बसवला म्हणजे चिकित्सा झाली असे नाही. दोन्ही कथांमध्ये विचार करण्याचे काम ऐकणाऱ्याला उरतच नाही.

६. 'पण मुले लहान आहेत'

इथे एक रास्त आक्षेप येतो. सहा वर्षांच्या मुलाला विद्युत रोध, पेटंट आणि धारांचा झगडा कसा सांगणार? गोष्ट सोपी करावीच लागते.

लागते. पण सोपे करणे आणि खोटे सांगणे यात फरक आहे. 'एडिसनने आणि त्याच्या मित्रांनी खूप वेळ टिकणारा दिवा बनवला' हे वाक्य सहा वर्षांच्या मुलाला कळते आणि ते खरेही आहे. 'एडिसनने दिव्याचा शोध लावला' हे त्याहून सोपे नाही, फक्त जास्त सवयीचे आहे. पहिल्या वाक्यावर पुढच्या इयत्तेत भर घालता येते. दुसरे वाक्य आधी पुसावे लागते. तेव्हा कसोटी अशी ठेवता येईल: आज सांगितलेले उद्या वाढवता येते, की मागे घ्यावे लागते?

वयानुसार निवडही करता येते. १८६९ मध्ये एडिसनला पहिले पेटंट मिळाले ते मतमोजणीच्या विद्युतयंत्राचे. यंत्र उत्तम चालत होते, पण लोकप्रतिनिधींना ते नकोच होते. 'छान बनवले, पण कोणालाच नको होते' ही गंमत लहान मुलांना चटकन कळते, कारण तसे त्यांच्याही बाबतीत घडते. विजेच्या खुर्चीचा विषय माध्यमिक वर्गांपर्यंत थांबू शकतो. थांबवणे म्हणजे नाकारणे नव्हे.

७. टिकून राहिलेला परिणाम: 'लाइट गेली' म्हणजे काय?

एडिसनच्या वारशाचे चित्र म्हणून काचेचा फुगा काढायची प्रथा आहे. पण आजच्या मुलाच्या घरात एलईडी आहे. तंतूचा दिवा त्याने कदाचित पाहिलेलाही नाही. मग टिकले काय?

उत्तर आपल्या बोलण्यातच आहे. मराठी घरात दोन वाक्ये वेगवेगळ्या अर्थाने वापरली जातात. 'बल्ब गेला' म्हटले की कोणीतरी दुकानात जाते. 'लाइट गेली' म्हटले की सगळे खिडकीतून शेजारची घरे पाहतात. पंखा थांबला, मिक्सर थांबला, तरी आपण 'लाइट' गेली असेच म्हणतो, आणि महिन्याला जे येते ते 'लाइट बिल'. दिव्याचे नाव संपूर्ण व्यवस्थेला मिळाले आहे. वीज घराघरात शिरली ती दिव्याच्या निमित्ताने, हा इतिहास या शब्दात साठलेला आहे.

ती व्यवस्था एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून सुरू केली. सुरुवातीला सुमारे ४०० दिवे होते. जमिनीखालून तारा, घरोघर जोडणी, वापरलेली वीज मोजणारे मीटर, हे सगळे त्यात होते. त्या मीटरात जस्ताच्या पट्ट्या असत आणि त्यांच्या वजनातल्या फरकावरून बिल ठरे. प्रत्येक दिवा समांतर जोडणीत असल्याने एक विझवला तरी बाकीचे चालू राहत. दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की ओळच्या ओळ विझते, ती एकसर जोडणी. हा फरक माळ हातात घेऊन पाच मिनिटांत दाखवता येतो.

मर्यादाही इथेच दाखवता येते. एडिसनची दिष्ट धारा केंद्रापासून मैलभराच्या आसपासच पोचू शकत होती. आपल्याकडे १९०२ मध्ये शिवनसमुद्रमच्या धबधब्यावरची वीज सुमारे १४७ किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत गेली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला मिळाली, ती प्रत्यावर्ती धारेमुळे. म्हणजे आपल्या घरात आलेली वीज एडिसनच्या कल्पनेची आणि त्याच्या विरोधकांच्या तंत्राची आहे. एका वाक्यात दोघांना जागा देता येते, आणि मुलांना ते कळते.

म्हणून हा पाठ बल्बच्या चित्रापासून सुरू करू नये. 'लाइट गेली की तुमच्या घरी काय काय थांबते?' या प्रश्नापासून सुरू करावा. मुले यादी करतील. मग विचारावे, 'ही लाइट येते कुठून? मध्ये कोण कोण काम करते?' तारा ओढणारे वायरमन, मीटर पाहणारे कर्मचारी, वीजकेंद्रातले लोक पुढे येतील. एखाद्या मुलाचे वडीलच वायरमन असतील. मेन्लो पार्कची खोली त्या वर्गापर्यंत आलेली असेल.

समारोप

शोधकाची गोष्ट मुलांना सांगावीच. कुतूहल, चिकाटी, चुकीतून शिकणे ही मूल्ये खरी आहेत आणि एडिसनच्या आयुष्यात त्यांना पुरेसा आधार आहे, त्यासाठी बनावट चिठ्ठी लागत नाही. रूढ कथा एका असामान्य माणसाकडे बोट दाखवून 'तूही असा हो' म्हणते, आणि वर्गातली बहुतेक मुले तशी होणार नसतात. चांगली कथा म्हणते, 'हे काम असे झाले, इतक्या जणांनी केले, अजून चालू आहे.' तिच्यात गणित करणाऱ्याला, काच फुंकणाऱ्याला, तार ओढणाऱ्याला जागा आहे. तिच्यात प्रत्येक मुलाला आपली जागा शोधता येते.

विचारार्थ प्रश्न

१. तुमच्या मातृभाषेत वीज गेल्यावर कोणते वाक्य म्हणतात? त्या शब्दातून विजेच्या इतिहासाविषयी काय कळते?

२. चिठ्ठीची कथा आणि एडिसनने सांगितलेली आठवण या दोहोंत आई, शिक्षक आणि मूल यांच्या भूमिका कशा बदलतात? तुलना करा.

३. 'आज सांगितलेले उद्या वाढवता येते, की मागे घ्यावे लागते?' ही कसोटी दुसऱ्या एखाद्या शोधकाच्या बालचरित्राला लावून पाहा.

४. दुसरीच्या वर्गासाठी एडिसनची गोष्ट दहा वाक्यांत लिहा. तिच्यात किमान तीन माणसे काम करताना दिसली पाहिजेत.